कठीण लेव्हलवर फुटी जिंकायची तर आधी पळणं सोडा

फुटीच्या व्हिडिओ गेममधला, सर्वात कठीण लेव्हलवरचा माझा पहिला सामना मी १३८ गुणांनी हरलो. समोरच्याचे २३.१५ (१५३), माझे २.३ (१५). हे आकडे कसे वाचायचे ते पुढे येईलच, पण न वाचताही कळतं की सामना म्हणावा असं काही झालं नव्हतं. त्यातले माझे दोन गोल कम्प्युटरला दया आली म्हणूनच झाले असावेत. त्यानंतर दोनेक महिने माझा नेम ठरलेला होता: रात्री भांडी घासून झाली की एक सामना खेळायचा, हरायचं आणि झोपायचं. मग एकदाचं जिंकायला लागलो. या काळात बोटांचा वेग काडीइतकाही वाढला नाही, चाळिशीतली बोटं ती. बदलली ती एकच सवय, आणि हा सगळा लेख त्या सवयीभोवतीच आहे.

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मेलबर्नला नव्याने आलेल्या मराठी माणसाला ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "तुझी टीम कोणती?" आणि तो बिचारा आयपीएलची टीम सांगतो. मीही सांगितली होती. खेळ समजावा म्हणून मी गेम घेतला, आणि माझ्यासारखेच जे या वाटेने येतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. एएफएल म्हणजे या खेळाची ऑस्ट्रेलियातली मुख्य लीग; तिच्या अलीकडच्या गेमांपैकी 'एएफएल इव्होल्यूशन २' (२०२०) हा विकेड विच या स्टुडिओचा आणि 'एएफएल २३' (२०२३) हा बिग अँटचा. दोन्ही स्टुडिओ मेलबर्नचेच. बटणांची मांडणी गेमागणिक आणि कंट्रोलरगणिक बदलते, म्हणून इथे बटणांची नावं देत नाही, कृतींची देतो. कोणतं बटण कशाला ते सेटिंग्जमध्ये बघा, एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी टीव्हीखाली चिकटवा. पहिला आठवडा ती लागतेच.

पायरी १: नियम, पण फक्त कामापुरते

मैदान लंबगोल, क्रिकेटचं असतं तसं. तसं असण्याला कारण आहे: १८५८ च्या जुलैत टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका साप्ताहिकात पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी अंग जड होऊ नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, पहिले नियम लिहिले गेले. आजही उन्हाळ्यात ज्या एमसीजीवर बॉक्सिंग डे कसोटी होते, तिथेच सप्टेंबरच्या अखेरीस फुटीची ग्रँड फायनल होते.

प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून किक मारून चेंडू कुणाचाही हात वा खांब न लागता गेला की गोल, ६ गुण. बाजूच्या आखूड खांबांकडच्या फटीतून गेला की बिहाइंड, १ गुण. म्हणून धावफलक तीन आकड्यांत लिहितात: ८.४ (५२) म्हणजे ८ गोल, ४ बिहाइंड, एकूण ५२.

चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण दर १५ मीटरला एकदा जमिनीवर टप्पा द्यावा लागतो. चेंडू फेकता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. पळायला, पास करायला वेळ असूनही तुम्ही चेंडू कवटाळून बसलात आणि पकडले गेलात, तर अंपायर शिट्टी मारतो आणि चेंडू समोरच्याचा. याला 'होल्डिंग द बॉल' म्हणतात. नवशिक्याचा अर्धा सामना या शिट्टीत जातो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. कुणाच्याही किकवरून आलेला चेंडू किमान १५ मीटर अंतर कापून, मध्ये कुणाला न लागता, तुम्ही हवेत झेलला तर तो 'मार्क'. मार्क झाला की खेळ तुमच्यापुरता थांबतो. समोरचा खेळाडू मार्कच्या जागेपलीकडे येऊ शकत नाही, तुम्हाला धक्का देऊ शकत नाही. तुम्ही मागे सरकून, आजूबाजूला बघून, निवांत किक मारू शकता.

हा नियम नीट मुरवून घ्या, कारण इथेच सगळी मेख आहे. कठीण लेव्हलवर कम्प्युटर तुमच्यापेक्षा वेगाने पळतो, वेगाने वळतो, पडलेला चेंडू आधी उचलतो. चपळाईत त्याच्याशी बरोबरी होत नाही. मार्क झाल्यावर मात्र ती सगळी चपळाई त्याला नुसती उभं राहून बघावी लागते. म्हणून सामना मार्ककडून मार्ककडे न्यायचा. मधला पळापळीचा भाग जितका कमी, तितके तुम्ही जिंकण्याच्या जवळ.

पायरी २: मैदान आणि सेटिंग्ज

याला कुणी रडीचा डाव म्हणेल, म्हणू दे. मैदानांच्या यादीत मेलबर्नचं डॉकलँड्स असेल तर सुरुवातीला तेच घ्या. २००० साली उघडलेल्या या स्टेडियमला सरकतं छप्पर आहे. वर छप्पर म्हणजे वारा नाही, पाऊस नाही, आणि तुमची किक जिथे मारली तिथे जाते. हवामान निवडता येत असेल तर कोरडं निवडा. ओल्या मैदानात चेंडू हातातून निसटतो, मार्क कमी होतात आणि पळापळी वाढते, म्हणजे नेमकं कम्प्युटरला हवं तेच.

टीम तगडी घ्या. आवडीची टीम नंतर, जिंकायला लागल्यावर. क्वार्टरची लांबी शिकताना आखूड ठेवा म्हणजे एका संध्याकाळी दोन-तीन सामने होतील, पण खरोखर जिंकायला बसाल तेव्हा थोडी वाढवा. फार आखूड सामन्यात सुरुवातीचे दोन गोल खाल्ले की सावरायला वेळच उरत नाही, आणि आपली पद्धत सावकाशीची आहे.

पायरी ३: तीन किका घोटून घ्या

सामना न खेळता सराव करायची सोय असेल तिथे, नाहीतर सोप्या लेव्हलवर, तीनच गोष्टी घोटा.

पहिली, वीस-पंचवीस मीटरची किक. बटण किती दाबून ठेवल्यावर चेंडू एवढाच जातो हे बोटाला कळलं पाहिजे, डोळ्याला नव्हे. १५ मीटरपेक्षा कमी गेला तर मार्क मिळत नाही, अंपायर 'प्ले ऑन' ओरडतो आणि झेलणारा उघडा पडतो. फार लांब गेला तर चेंडू हवेत जास्त वेळ राहतो आणि तेवढ्यात कम्प्युटरचा माणूस तिथे हजर. वीस-पंचवीसची किक म्हणजे या लेव्हलवरची तुमची रोजची भाजी-भाकरी.

दुसरी, सेट शॉट, म्हणजे मार्क किंवा फ्री किक मिळाल्यावर गोलवर मारलेली किक. हिच्यावर पुढे वेगळं लिहिलंय.

तिसरी, आडवी किक. मैदानाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. ही कुणी घोटत नाही आणि कुठे अडकलात की नेमकी हीच लागते.

लांबलचक बाँबगोळे मारायचा सराव करू नका. त्यांचा मोह मुद्दाम शिकावा लागत नाही.

पायरी ४: चेंडू ठेवायचा, म्हणजे नेमकं काय करायचं

नवशिक्याचा खेळ असा असतो: चेंडू मिळाला, पळायला लागला, समोर दोन जण आले, घाबरून जोरात किक मारली, चेंडू तिघांच्या डोक्यावर गेला, कम्प्युटरने झेलला. पुढच्या दहा सेकंदांत आपल्यावर गोल. सोप्या लेव्हलवर हे खपतं, कारण तिथे त्या तिघांतला तुमचा माणूस कधीकधी जिंकतो. कठीण लेव्हलवर गर्दीतला चेंडू बहुतेक वेळा त्याचाच, असंच धरून चाला.

म्हणून चेंडू मार्क करून हाती आला की आधी थांबा. मार्कनंतर तुम्हाला मिळालेली सेकंदं वाया जात नाहीत, ती तुमच्या कमाईची आहेत. या वेळात कॅमेरा फिरवून तीन ठिकाणं बघा, याच क्रमाने: पुढे तिरकस, बाजूला, मागे. जिथे तुमच्या माणसाच्या दहा पावलांत कुणी नाही तिथे किक. पुढे कुणी मोकळा नसेल तर बाजूला, बाजूलाही नसेल तर मागे. मागे किक मारायला लाजू नका. मागच्या माणसाने झेलला तरी तो मार्कच, आणि तुमच्या मागे आलेल्या कम्प्युटरच्या फळीला पुन्हा पुढे-मागे व्हावं लागतं. कुठेतरी भगदाड पडतंच.

इथे आडवी किक उपयोगी पडते. उजव्या कडेने तीन-चार मार्क घेत वर सरकलात की कम्प्युटरचे खेळाडू हळूहळू उजवीकडे गोळा होतात. तेव्हा मागच्या, मध्यावरच्या माणसाकडे एक किक, तिथून लगेच डाव्या कडेला दुसरी. डावीकडे मैदान ओसाड पडलेलं असतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा डाव्या विंगवरचा माझा खेळाडू एकटाच उभा होता, बस चुकलेल्या माणसासारखा.

मधूनच मार्क न होता चेंडू जमिनीवर पडणारच. तेव्हा हँडबॉल. नियम एकच: उचलला की अर्ध्या सेकंदात दिला. पळायचा विचारही नको. आणि हँडबॉल पुढे देऊ नका, मागे किंवा बाजूला द्या, कारण पुढचा माणूस तोंड तुमच्याकडे करून उभा असतो, वळायला वेळ लागतो आणि त्याच वेळात पकडला जातो. मागचा माणूस मात्र गोलकडे तोंड करूनच चेंडू घेतो. एक हँडबॉल मागे, मग वीस मीटरची किक पुढे. दोन हँडबॉल लागले तर लागू द्या. सलग तिसरा लागला तर समजा की तुम्ही सापळ्यात आहात, लगेच कडेकडे किक मारून चेंडू बाहेर घालवण्यात शहाणपण आहे. फक्त २०२५ पर्यंतच्या नियमांत तो टप्पा न पडता थेट रेषेबाहेर गेला तर फ्री किक समोरच्याला, आणि मुद्दाम बाहेर घालवला असं अंपायरला वाटलं तरीही. म्हणून पुढच्या दिशेने, रेषेच्या आत एक टप्पा पडेल अशी.

पळायचंच झालं तर एकाच वेळी: मार्क झाला, समोर पंधरा-वीस मीटर रिकामं दिसतंय आणि मागून कुणी येत नाहीये. तेव्हाही टप्पा द्यायला विसरू नका. काही गेममध्ये टप्पा आपोआप पडतो, काहींत बटण दाबावं लागतं, ते आधीच तपासा.

पायरी ५: बचाव, म्हणजे हाताला लगाम

चेंडू कम्प्युटरकडे असताना आपला पहिला आवेग असतो तो स्प्रिंटचं बटण दाबून अंगावर धावून जाण्याचा. तो हलकेच बाजूला सरकतो, तुमचा माणूस पुढे निघून जातो, आणि आता त्याच्यासमोर मोकळं रान. कबड्डीत नवखा बचावपटू जसा एकटाच रेडरवर झेपावतो आणि रेडर त्याला शिवून परत जातो, तसंच.

चेंडूवाल्याच्या पाच-सहा पावलं पुढे, तो आणि आपला गोल यांच्या मध्ये, स्प्रिंट न करता उभे राहा. त्याची वाट अडवा, पकडायची घाई नको. तो किक मारायला थांबला किंवा वळला की मगच टॅकल. टॅकल खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर झाली पाहिजे. मानेला हात लागला किंवा मागून ढकललं की फ्री किक. मागून धावत येऊन टॅकल करायची सवय गोलसमोर फार महागात पडते, कारण फ्री किक म्हणजे त्याला फुकटचा सेट शॉट, आणि या लेव्हलवर तो सहसा चुकत नाही.

उंच चेंडू येत असेल तेव्हा ज्याच्याकडे चेंडू होता त्याला सोडा आणि जिथे पडणार आहे तिथल्या माणसावर ताबा बदला. गेममध्ये चेंडू पडण्याची खूण दिसत असेल तर नजर तिच्यावरच. आता एक प्रश्न स्वतःला विचारा: माझा माणूस पुढे आहे की मागे? समोरच्याच्या पुढे असेल तर मार्कचं बटण. मागे असेल तर मार्कचा मोह सोडा आणि मुठीने चेंडू उडवून लावा, त्याला स्पॉइल म्हणतात. मागून मार्क घेण्याचा प्रयत्न केला तर एकतर तो झेलतो किंवा तुम्ही त्याच्या पाठीवर ढकलल्याची शिट्टी वाजते. स्पॉइल दिसायला काही विशेष नसतं, पण माझ्या पहिल्या विजयात मी जितके स्पॉइल केले तितके तोपर्यंतच्या सगळ्या सामन्यांत मिळून केले नसतील.

एक डाव मात्र फार थोडे नवशिके वापरतात. तुमच्याच गोलसमोर तुम्ही चेंडू उचललात, दोन जण अंगावर आलेत, निसटायला वाट नाही. तेव्हा चेंडू स्वतःच मागे, आपल्याच गोलरेषेपलीकडे घालवा. समोरच्याला एक गुण मिळतो, पण चेंडू तुम्हाला मिळतो, किक-इनसाठी, म्हणजे बिहाइंडनंतर आपल्या गोलसमोरून चेंडू पुन्हा खेळात आणणाऱ्या किकसाठी. सहाऐवजी एक, वर चेंडूही आपला. २००८ च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नने जीलाँगविरुद्ध असे ११ बिहाइंड स्वतःहून दिले आणि सामना जिंकला. त्याचा एवढा गवगवा झाला की २००९ पासून नियमच बदलला: अंगावर कुणी नसताना मुद्दाम असं केलं तर समोरच्याला तिथेच फ्री किक. तेव्हा हे फक्त खरंच कोंडीत असताना.

पायरी ६: गोलसमोरचं गणित

त्याच सामन्याचा अंतिम धावफलक बघा. हॉथॉर्न १८.७ (११५), जीलाँग ११.२३ (८९). जीलाँगच्या खात्यात ३४ वेळा गुण जमा झाले, हॉथॉर्नच्या फक्त २५ वेळा, आणि जीलाँग २६ गुणांनी हरलं. ते ११ बिहाइंड वजा केले तरी हिशेब विचार करायला लावतोच. २०१० ची ग्रँड फायनल तर बरोबरीत सुटली: कॉलिंगवूड ९.१४ (६८), सेंट किल्डा १०.८ (६८). एकाने २३ वेळा गुण मिळवले, दुसऱ्याने १८ वेळा, आणि गुण मात्र समान. (आठवड्याने सामना पुन्हा खेळवावा लागला, तो कॉलिंगवूडने जिंकला.)

कठीण लेव्हलवर तुम्हाला कम्प्युटरपेक्षा कमी संधी मिळणार आहेत. ते बदलत नाही. बदलतं ते एवढंच की त्या संधी तुम्ही कुठून घेता. ६.१६ आणि ८.४ दोन्हींचे गुण ५२ होतात. बावीस प्रयत्नांचं काम बारा प्रयत्नांत होतं, जर ते बारा समोरून असले तर.

समोरून का? गोलचे दोन खांब ६.४ मीटर अंतरावर असतात. अगदी समोर उभे राहाल तर ते सगळे ६.४ मीटर तुम्हाला दिसतात. मधल्या रेषेपासून ४५ अंशांच्या कोनात गेलात तर दिसणारी फट साडेचार मीटरांवर येते. ६० अंशांवर जेमतेम ३.२, म्हणजे बरोबर निम्मी. गेममधला बाण तेवढाच हलतो, मीटर तेवढाच भरतो, पण चुकायला जागा निम्मी. त्यामुळे कोपऱ्यात मार्क मिळाला तर लगेच मारू नका. तिथूनही आधी मधल्या भागात वीस मीटरवर मोकळा माणूस आहे का बघा. असेल तर त्याला द्या, तो समोरून मारेल. नसेल तरच बनाना किक, म्हणजे बाहेरून आत वळणारी.

खऱ्या मैदानावर अवघड कोनातूनही चमत्कार होतात. २०१८ च्या ग्रँड फायनलमध्ये डॉम शीडने शेवटच्या दोन मिनिटांत सीमारेषेजवळून मार्कनंतरची किक मारली आणि वेस्ट कोस्टने कॉलिंगवूडला पाच गुणांनी हरवलं. तो व्हिडिओ जरूर बघा, पण सोफ्यावर बसून तसं करायला जाऊ नका. मी गेलो होतो. चेंडू प्रेक्षकांत गेला.

सेट शॉटसाठी माझा ठरलेला क्रम असा: आधी वारा बघायचा (छपराखाली नाहीच), मग दिशा ठरवायची, ताकद सगळ्यात शेवटी. वारा डावीकडून येत असेल तर डाव्या खांबावर नेम धरा, मध्यावर नाही. चाळीस मीटरच्या पुढून सहसा मारत नाही. गोलपासून पन्नास मीटरवर आखलेल्या कमानीवरून मारलेली किक पोचली तरी खूपदा खांबाजवळून जाते, आणि बिहाइंड म्हणजे नुसता एक गुण नव्हे, चेंडू त्याच्या किक-इनला दिला असंही आहे. त्यापेक्षा कमानीवरून आत वीस मीटरची किक, पुन्हा एक मार्क, आणि मग पंचवीस-तीस मीटरवरून, अगदी समोरून.

पायरी ७: मध्यावरचा चेंडू आणि किक-इन

प्रत्येक गोलनंतर चेंडू मध्यावर जातो आणि अंपायर तो वर उडवतो (२०२५ पर्यंत जमिनीवर आपटून). दोन उंच खेळाडू, म्हणजे रक, तो खाली मारायला उडी घेतात. ही उडी कठीण लेव्हलवर मी अर्ध्याहून जास्त वेळा हरतो आणि आता त्याचं वाईटही वाटत नाही. उडीच्या आधीच ताबा रककडून काढून मधल्या फळीतल्या माणसाकडे घ्या आणि त्याला रकच्या मागे, आपल्या गोलच्या बाजूला उभं करा. चेंडू समोरच्याला मिळालाच तर तुम्ही त्याच्या वाटेत असता. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे या क्षणी दोन्ही संघांचे सहा-सहा खेळाडू पुढे, मागे आणि मध्ये वाटलेले असतात, आणि मधल्या चौकोनात प्रत्येकाचे चारच. जागा मोकळी असते. म्हणून हरलेला चेंडू इथे जितका धोक्याचा, तितकाच जिंकलेला चेंडू मोलाचा: मागे एक हँडबॉल, पुढे एक किक, आणि तुम्ही कमानीत.

किक-इन तुम्हाला मिळाली की लांब मारू नका. कोपऱ्यात वीस मीटर, मार्क, तिथून पुन्हा पायरी चारप्रमाणे. मध्यावर मारलेली लांब किक-इन बहुतेक वेळा थेट तुमच्याच गोलकडे परत येते.

पायरी ८: दमलेले पाय, आणि शेवटची दोन मिनिटं

खेळाडू थकतात, आणि थकलेल्याचा मार्कही निसटतो. प्रत्येक क्वार्टरच्या सुट्टीत मधल्या फळीतले सगळ्यात दमलेले खेळाडू बदला, पुढचे-मागचे राहू द्या. आपली पद्धत कमी पळण्याची असल्याने चौथ्या क्वार्टरमध्ये आपले पाय ताजे असतात, हा एक फुकटचा फायदा.

दोन मिनिटं उरलीत आणि पुढे आहात: मेन्यूत डावपेच बदलता येत असतील तर बचावात्मक करा, माणसं मागे आणा, आणि चेंडू मिळाला की मार्ककडून मार्ककडे, मागे, आडवा, परत मागे. प्रत्येक मार्कवर जितका वेळ मिळतो तितका घ्या. २००५ च्या ग्रँड फायनलमध्ये सिडनी ८.१० (५८), वेस्ट कोस्ट ७.१२ (५४), आणि शेवटच्या सेकंदांत वेस्ट कोस्टने गोलसमोर उंच चेंडू टाकला. सिडनीच्या लिओ बॅरीने गर्दीत उडी मारून तो झेलला आणि सिडनी जिंकलं. अशा क्षणी आपल्यासारख्याने मार्कच्या नादी लागू नये. मूठ. चेंडू दूर. बस.

मागे असाल तर उलट. डावपेच आक्रमक, आणि एवढ्या वेळेपुरती मध्यातून सरळ वाट. तरीही अंतर सहा गुणांच्या आत असेल तर लांबून घाईची किक मारू नका. एक मार्क आणखी घ्यायला दहा सेकंद लागतात, आणि त्या दहा सेकंदांत बिहाइंडचा गोल होतो.

माझा पहिला विजय ९.४ (५८) विरुद्ध ८.९ (५७) असा होता. त्याने १७ वेळा गुण मिळवले, मी १३ वेळा. पण तो विजय आणखी दोन आठवडे आधी येऊ शकला असता, आणि तो का आला नाही ते सांगतो, म्हणजे तुम्ही तरी त्या चुकीतून वाचाल. सायरन वाजायच्या आत मार्क झाला असेल तर सायरननंतरही ती किक मारता येते आणि गोल झाला तर धरला जातो. मी तीन गुणांनी मागे होतो, तीस मीटरवर, अगदी समोर, चेंडू माझ्या माणसाच्या हातात. सायरन वाजला. हरलो म्हणून मी कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि पाणी प्यायला उठलो. परत आलो तेव्हा स्क्रीनवर बाण अजून हलत होता. घाईघाईने कंट्रोलर उचलताना अंगठा बटणावर पडला, आणि चेंडू डावीकडच्या खांबाच्याही डावीकडून गेला. एक गुण.